आडवाटेनं दिव्याला

कंडक्टरबाईंना नावानं हाक मारणारी माणसं हळूहळू संपत आली होती. डेपोत, गल्लीत, किराणा दुकानात त्या नुसत्या कंडक्टरबाई होत्या. सून 'आई' म्हणे. थोरली बहीण, जिला सगळे अक्का म्हणत, ती अजूनही 'बारके' म्हणून हाक मारी. बारकी साठीला टेकली तरी.

सगळी नोकरी बसमध्ये उभ्यानं झाली, त्यामुळे बसायची सवयच राहिली नव्हती. चहा उभ्यानं, पेपर उभ्यानं, टीव्हीवरची मालिकासुद्धा कपाटाला खांदा लावून. आवाज असा, की त्यांनी बँकेत नुसतं "शेवटचं कोण?" विचारलं तरी रांग आपोआप सरळ होई. मनानं मात्र बाई तेवढ्या कडक नव्हत्या. म्हाताऱ्या माणसाला चढताना हात देणं, डुलक्या काढणाऱ्या कामगाराला त्याच्या स्टॉपवर उठवणं, हे त्या न सांगता करत. फक्त करताना ओरडत.

नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलता एक मुलगा मालवाहू बोटीवर इंजिनाच्या कामाला होता आणि वर्षातला बराच काळ पाण्यावरच असे. म्हणजे घरात दोघीच, त्या आणि सून. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, मधे पातळ भिंत आणि दोघींत मिळून एक बाथरूम. भांडणं व्हायची ती या बाथरूमवरून.

सून चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. आठवडाभर तिच्या हातून केसाएवढी चूक चालत नसे. त्याचाच उतारा म्हणून की काय, रविवार उजाडला की ती आपली उंच, हडकुळी मोटरसायकल काढून डोंगराकडे सुटे. डांबरी रस्ता सोडायचा आणि रानातून, ओढ्यातून, दगडधोंड्यांवरून गाडी चालवायची, हा तिचा नाद. तिच्यासारख्याच चार नादिष्टांचं टोळकं होतं. संध्याकाळी परत आली की बूट दाराबाहेर काढी, पण बाकीचा डोंगर बाथरूममध्ये येई.

"अर्धं रान आणलंस धुवायला," कंडक्टरबाई म्हणत. "उरलेलं पुढच्या रविवारी आण."

"आणते," सून म्हणे.

यावर बोलणं जे थांबे ते सोमवारी संध्याकाळपर्यंत. बाईमाणसानं असले उद्योग करू नयेत असं काही कंडक्टरबाईंचं म्हणणं नव्हतं. त्या स्वतः बसवर लागल्या तेव्हा हेच वाक्य त्यांनी निरनिराळ्या तोंडून ऐकलं होतं आणि एका कानानं ऐकून दुसऱ्यानं सोडून दिलं होतं. त्यांच्या पोटात होती ती भीती. बसच्या पुढच्या काचेतून त्यांनी रस्त्यात आडव्या पडलेल्या मोटरसायकली पाहिल्या होत्या, आणि कधी कधी शेजारी पडलेलं माणूसही. उद्या या पोरीला काही झालं तर बोटीवर फोन करून काय सांगायचं? पण 'मला भीती वाटते' हे त्यांच्या जिभेवर येत नसे. 'चिखल केलास' हे मात्र पटकन येई.

आता देवळाविषयी सांगायला हवं. दोघी बहिणींचं मूळ गाव डोंगरात. पुढे गाव खाली हमरस्त्याला उतरलं, तिथून शहरात पांगलं. देऊळ तेवढं वर राहिलं. त्या देवळात छताला साखळीनं टांगलेला पितळेचा मोठा दिवा आहे आणि तो विझू द्यायचा नाही अशी रीत आहे. गावातल्या प्रत्येक घराला वर्षातला एक दिवस वाटून दिलेला. त्या दिवशी त्या घरानं तेल घेऊन वर जायचं. साखळी सोडून दिवा खाली घ्यायचा, ज्योत एका पणतीत उतरवून ठेवायची, दिवा घासूनपुसून वात बदलायची, घरचं तेल घालायचं, ज्योत परत लावायची आणि दिवा वर ओढायचा. कामाला माणसं दोन लागतात. आणि ज्योत पणतीत असेपर्यंत देवळात कोणी चकार शब्द बोलायचा नाही. का, ते कोणालाच ठाऊक नाही. अक्का म्हणे, "फुंकर लागू नये म्हणून असेल." भाऊ नव्हता, म्हणून हा दिवस दोघी बहिणींकडे आला होता आणि त्यांनी तो कधी चुकवला नव्हता.

त्या वर्षी दोन्हीकडून अडलं. अक्काच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि ती चालण्याच्या लोखंडी घोडीला धरून खोलीतल्या खोलीत फिरू लागली. आणि पुरात दरीवरचा लाकडी पूल वाहून गेला. पुलाशिवाय वर जायचं तर डोंगराला वळसा घालून, चालत, एक मुक्काम करून. डेपोत माणसं कमी होती. साहेबांनी एक रजा दिली, दुसरी मागितल्यावर हात जोडले.

नेमून दिलेल्या दिवसाच्या थोडं आधी कंडक्टरबाई अक्काच्या घरी गेल्या. सूनही होती, अक्काचा नवा चष्मा नाकावर नीट बसवून द्यायला आली होती. अक्का पलंगावर बसून मांडीवर वाती वळत होती.

"या वर्षी खालच्या कोणाला तरी सांगू," कंडक्टरबाई म्हणाल्या. "आपल्या वतीनं करतील."

"सांग की," अक्का म्हणाली. "पुढच्या वर्षीही सांग. मग तिसऱ्या वर्षी हा दिवस कोणाचा होता ते कोणाला आठवायचं नाही."

"मग उडत जाऊ का मी?"

सुनेनं अक्काच्या कानामागची दांडी जरा वाकवली आणि चष्म्याकडेच बघत म्हणाली, "मागच्या बाजूनं वाट आहे. पूर्वी लाकडाचे ट्रक जायचे ती. आता ट्रक जाणार नाही, मोटरसायकल जाते. आम्ही जातो."

अक्काच्या हातातली वात अर्धीच राहिली.

"कुठवर जाता?" कंडक्टरबाईंनी विचारलं.

"देवळाखालच्या झऱ्यापर्यंत. पाणी पितो आणि फिरतो."

"आणि वर देवळात?"

"नाही गेले कधी."

"एवढा डोंगर चढून जायचं आणि दारातून परत फिरायचं?"

"मला कुठे माहीत होतं तुमचा दिवा तिथे आहे?" सून म्हणाली. "तुम्ही कधी सांगितलंत?"

हे खरं होतं. कंडक्टरबाईंनी तिला चिखलाशिवाय दुसऱ्या कशाबद्दल फारसं काही सांगितलंच नव्हतं. अक्कानं एकीकडून दुसरीकडे बघितलं आणि वातींची पुडी सुनेच्या हातात दिली.

"एका दिवसात जाऊन याल?" तिनं विचारलं.

"पहाटे निघालो तर संध्याकाळी घरी."

"बारके," अक्का म्हणाली, "मुकाट्यानं मागे बस."

त्या दिवशी पहाटे सुनेनं सासूच्या गुडघ्यांना, कोपरांना प्लास्टिकच्या वाट्या बांधल्या, डोक्यावर टोळक्यातल्या कोणाचं तरी हेल्मेट चढवलं. कंडक्टरबाईंनी जिन्यातल्या आरशात बघितलं आणि म्हणाल्या, "भंगारातली बस दिसतेय." तेलाचा कॅन रबरी पट्ट्यांनी मागे बांधला, पाठीवरच्या पिशवीत वाती, पुसायची फडकी आणि बटाट्याची सँडविचं. गल्ली अजून झोपेत होती. दूधवाल्यानं तेवढं पाहिलं आणि हातातली किटली खाली ठेवली.

हमरस्ता संपेपर्यंत काही विशेष झालं नाही. शेतांकडे वळणारा कच्चा रस्ता लागला तशी सुनेनं गाडी थांबवली, दगडांवर पकड यावी म्हणून चाकांतली थोडी हवा सोडली आणि सासूला शिकवणी दिली.

"आता खड्डे आले की पाय ठेवायच्या दांड्यांवर उभं राहायचं. गुडघे सैल. माझ्या खांद्याला धरा, पण ओढू नका. गाडी खाली नाचू द्या, आपण वर शांत राहायचं."

"अगं, मी जन्मभर दुसरं काय केलं?" कंडक्टरबाई म्हणाल्या.

आणि खरोखरच पहिल्या खड्ड्याला त्या अशा उठल्या, की सुनेला मागे कोणी आहे की उतरलं हे कळेना. ब्रेकला पुढे झुकणं नाही, वळणाला कलंडणं नाही. तिच्या टोळक्यातले नवखे मागे बसले की पोत्यासारखे आदळत. हे ओझं निराळंच होतं.

"बऱ्या बसता तुम्ही," ती ओरडून म्हणाली.

"मी बसलेच नाहीये!"

नांगरलेली शेतं मागे पडली. दगड रचून केलेल्या बुटक्या भिंती लागल्या आणि भिंतींच्या पलीकडे उतरणीवर मेंढ्या. एका ठिकाणी मेंढ्यांनी वाटच अडवली होती. सुनेनं इंजिन बंद केलं. मेंढपाळ काठीवर हनुवटी टेकून बघत राहिला, घाई त्यालाही नव्हती आणि मेंढ्यांनाही. कंडक्टरबाईंनी हेल्मेटची काच वर केली. नोकरीत त्यांनी खिडकीबाहेर बघितलं होतं ते फक्त स्टॉप आला का हे बघायला. बघायचं ते आत, माणसांकडे, त्यांच्या हातांकडे. इथे बघण्याजोगं सगळं बाहेरच होतं आणि कोणी उतरत नव्हतं की चढत नव्हतं. मेंढ्यांच्या लोकरीत अडकलेल्या गवताच्या काड्या, भिंतीच्या फटीतून डोकावणारी पिवळी फुलं, खाली दूर वाफ निघणारं तळं. मेंढ्या सरल्या तरी कंडक्टरबाई तळ्याकडेच बघत होत्या.

"आई, निघायचं?"

"हं. चल."

पुढे रान लागलं आणि वाट खरी वाट राहिली नाही. पुराच्या पाण्यानं मधोमध चर पाडला होता. सून चराच्या एका कडेनं गाडी काढी, कडा संपली की आत उतरून दुसऱ्या कडेवर चढे. पहिला ओढा त्यांनी सहज ओलांडला. दुसरा अरुंद होता, पाणीही घोट्याएवढं, म्हणूनच असेल, सुनेनं जरा जोरात घातली. तळाच्या दगडावर शेवाळ होतं. मागचं चाक एकदम खालून निघून गेलं आणि दोघी पाण्यात आडव्या झाल्या.

कंडक्टरबाई आधी उठल्या. त्यांना काही लागलं नव्हतं, फक्त मांडीपर्यंत गारठल्या होत्या. सून बसूनच होती, डावं मनगट उजव्या हातात धरून. तोंड पांढरं पडलं होतं.

"दाखव."

"काही नाही, आई."

"दाखव म्हणते ना!"

मनगट डोळ्यांदेखत सुजत होतं. कंडक्टरबाईंनी दिवा पुसायची फडकी काढली, पाण्यात भिजवली आणि घट्ट गुंडाळली. मग दोघींनी मिळून तीन हातांनी गाडी उभी केली आणि पलीकडे ढकलली. तेवढ्यात कंडक्टरबाईंची नजर कॅनवर गेली. झाकण निघालं होतं. ओढ्याच्या पाण्यावर तेलाचा तवंग रंग बदलत खाली चालला होता. कॅन उचलून हलवला. तळाशी थोडंसं खळखळलं.

त्या तिथेच दगडावर बसल्या. बसल्या हे सुनेच्या लक्षात आलं.

"माझं चुकलं," सून म्हणाली. "जोरात घातली मी."

कंडक्टरबाईंच्या तोंडावर बरंच काही आलं होतं. वर्षभराचं साठलेलं होतं. पण पोरीच्या मनगटाकडे बघितल्यावर त्यातलं एकही वाक्य बरं वाटेना. त्या म्हणाल्या, "मला वाटलं तू गेलीस."

"म्हणजे?"

"म्हणजे गेलीस. पडल्यावर हललीच नाहीस क्षणभर. मला वाटलं, आता त्याला काय सांगू." त्यांनी नाक पुसलं. "दर रविवारी हेच वाटतं मला. चिखलाचं काय, चिखल धुता येतो."

सुनेनं दुखरं मनगट मांडीवर टेकवलं. "मग हे सांगायचं होतंत ना," ती म्हणाली.

"आता सांगितलं. ऊठ. परत फिरायचं की वर जायचं?"

फोनला रेंज नव्हती. परतीची वाट आल्या वाटेएवढीच लांब होती. झरा मात्र फार दूर नव्हता, असं सून म्हणाली. अडचण एवढीच, की डाव्या हातानं क्लच दाबता येत नव्हता.

कंडक्टरबाईंना दुचाकी येत नव्हती असं नाही. डेपोत पहिल्या बसला पोचायला त्या वर्षानुवर्षं मोपेड चालवत होत्या. पण मोपेडला गिअर नसतात, आणि ही गाडी त्यांच्या मोपेडपेक्षा हातभर उंच होती. सुनेनं त्यांना वाटेच्या कडेच्या उंच दगडावरून गाडीवर चढवलं आणि स्वतः मागे बसली.

"क्लच दाबा. पहिला गिअर. आता अगदी हळू सोडा, साबण निसटू नये तसा."

गाडी हिसका देऊन बंद पडली. पुन्हा. पुन्हा. एकदा तर दोघी परत ओढ्याच्या दिशेनं घसरल्या.

"तुमच्या ड्रायव्हरनं क्लच असा सोडला असता तर तुम्ही काय म्हणाला असतात?" सुनेनं मागून विचारलं.

"त्याच्या सात पिढ्यांचं नाव काढलं असतं."

"मग काढा आणि सोडा."

या वेळी गाडी निघाली. पहिल्याच गिअरमध्ये, बैलगाडीच्या चालीनं, पण निघाली. कंडक्टरबाईंच्या खांद्यांत गोळे आले, जीभ दातांखाली सापडली. सून मागून सांगत होती, "लांब बघा, चाकापुढे नको, जिथे जायचंय तिथे बघा." कठीण जागी सून उतरून मागून ढकली. शेवटच्या चढावर कंडक्टरबाई आपोआप दांड्यांवर उभ्या राहिल्या, आणि कोणालाही उद्देशून नाही, अशा आवाजात ओरडल्या, "चला, चला, पुढे चला!" झाडांतून पाखरं उडाली.

झऱ्यापाशी गाडी लावली. तिथून पुढे अनवाणी जायचं असतं. सुनेचे बूट गुडघ्यापर्यंत होते, चार बकलांचे, आत पाणी भरलेलं. एका हातानं ते निघेनात. कंडक्टरबाई तिच्यापुढे गवतात बसल्या, बूट मांडीत धरला आणि ओढला. बूट निघाला तसं आतलं पाणी त्यांच्या मांडीवर आलं. दोघी हसल्या आणि हसू थांबेना. भुकेनंही असेल. मग तिथेच ओली सँडविचं खाल्ली आणि कॅन, पिशवी, हेल्मेटं घेऊन वर निघाल्या.

देऊळ लहानसं होतं, काळ्या दगडाचं. दोन बाजूंनी उघडं, म्हणून आत सतत वारा. तिथली पुजारीण वयानं अक्काहून मोठी, पाठीत वाकलेली, मागच्या आवारात शेळ्या पाळून एकटी राहणारी. तिनं दोघींना नखशिखांत पाहिलं.

"थोरली कुठंय?"

"खुब्याचं ऑपरेशन झालं. ही माझी सून."

"हिला रीत ठाऊक आहे?"

"वाटेत सांगितलीय."

कंडक्टरबाईंनी साखळीचा आकडा काढला आणि वजन हातावर घेतलं. दरवर्षी हे काम अक्का करी आणि त्या दिवा घासत. साखळी किती जड असते हे त्यांना त्या दिवशी कळलं. दिवा हळूहळू सुनेच्या हाताशी खाली आला. सुनेनं नव्या वातीचं टोक ज्योतीला लावलं, ती वात पणतीत ठेवली, मोठी ज्योत दाबून मालवली. इथून बोलणं बंद.

सुनेनं फडकं घेतलं. एकच हात चालत होता, पण हात काचा घासणाऱ्याचा होता. काजळी कुठे धरलीय, पितळ कुठे दबलंय, बोटांना लगेच कळत होतं. दिव्याच्या गळ्याशी खोबणीत वर्षांचं काळं बसलेलं, तेही तिनं नखानं काढलं. पुजारीण जवळ येऊन वाकून बघत होती.

तेवढ्यात वारा आला. पणतीतली ज्योत आडवी झाली, निळी पडली, जवळजवळ गेली. कंडक्टरबाईंच्या दोन्ही हातांत साखळी. ती सोडली असती तर दिवा खालच्या पणतीवरच आदळला असता. तोंड उघडलं, पण रीत आठवून मिटलं. डोळे मात्र सुनेवर ओरडत होते. पुजारीण पदर पसरून पुढे धावायला लागली, पण तिचं धावणं ते किती. सुनेनं इकडेतिकडे बघितलं, पायाशी ठेवलेलं हेल्मेट उचललं आणि पणतीवर आडवं, वाऱ्याकडे पाठ करून ठेवलं. चिखलानं माखलेल्या हेल्मेटच्या आत ज्योत डगमगली, सावरली आणि सरळ उभी राहिली.

पुजारिणीनं आधी हेल्मेटकडे पाहिलं, मग कंडक्टरबाईंकडे. भुवया कपाळावर गेल्या होत्या. बोलता कोणालाच येत नव्हतं. सुनेनं खाली मान घालून उरलेलं पितळ पुसलं, वात बसवली आणि कॅन उचलला. तेलाचा तळच उरला होता. तो तिनं दिव्यात उपडा केला, कॅन झटकला, शेवटचा थेंब पडेपर्यंत धरून ठेवला. दिव्याच्या पोटात ते तेल दिसतसुद्धा नव्हतं. तिनं वर बघितलं. कंडक्टरबाईंनी मानेनं खूण केली, लाव. ज्योत परत लागली. साखळी वर ओढताना सुनेनं चांगला हात सासूच्या हातांखाली लावला आणि दिवा आपल्या जागी गेला.

"तेल सांडलं हो," आकडा अडकवताच कंडक्टरबाई पुजारिणीला म्हणाल्या. "ओढ्यात पडलो. एवढंच पोचलं. रात्रीपर्यंतही पुरणार नाही."

"मग मी काय करते इथे?" पुजारीण म्हणाली. "कालच्या घरानं जास्तीचं आणलं, तो डबा आत आहे. रोज कोणी कमी आणतं, कोणी जास्त. विझायचा असता तर माझ्या सासूच्या वेळीच विझला असता." मग तिनं सुनेकडे वळून हेल्मेटकडे बोट केलं. "तो टोप इथेच ठेवून जा. वाऱ्याला बरा आहे."

"मला परत जायला लागेल, आजी."

"मग दुसरा आण. जुना चालेल."

उतरताना कंडक्टरबाईंनी गाडी चालवली त्यापेक्षा ढकलली जास्त. दुसरा ओढा तर गाडी मधे घालून दोघींनी चालतच ओलांडला. रान संपून शेतं लागली तिथे एक शेतकरी ट्रॅक्टर घेऊन घरी चालला होता. गाडी त्याच्या गोठ्यात ठेवली, टोळक्यातली माणसं दुसऱ्या दिवशी येऊन नेतील असं ठरलं, आणि त्यानं दोघींना हमरस्त्याला सोडलं. तिथून बस.

बसमधल्या कंडक्टरनं, पोरगेला इसम होता, दोघींना दारातच अडवलं. "सीटा खराब होतील हो बाई. हे काय अवतार?"

"बसतंय कोण?" कंडक्टरबाई म्हणाल्या. "हिला बसू दे, हात मोडलाय. खाली माझं जाकीट घालते. आणि तू दारात उभा राहून बोलू नकोस, पुढे वळण आहे."

तो आत सरकला. का सरकला हे त्यालाही कळलं नसावं.

मनगटाच्या हाडाला बारीक चीर होती. प्लास्टर घातलं. रात्री बोटीवर फोन लागला तेव्हा कंडक्टरबाईंनीच उचलला. "तुझी बायको गाडीवरून पडली," त्या म्हणाल्या. "घाबरू नकोस. मी मागे होते." पलीकडे लाइन खरखरली. मग मुलानं विचारलं, "मागे म्हणजे कुठे, आई?" ते समजावून सांगेपर्यंत फोन कट झाला.

प्लास्टर होतं तोवर सुनेचे केस कंडक्टरबाई धूत. धुताना ओरडत, मान सरळ ठेव, डोळे मीट, किती गुंता हा. अक्काला सगळी हकीकत दोघींनी मिळून सांगितली, म्हणजे एकीनं सांगायची आणि दुसरीनं खोडायची. तेल सांडलं त्याचं अक्काला काही वाटलं नाही. हेल्मेटचं मात्र तिनं पुन्हा पुन्हा सांगायला लावलं.

हात बरा झाल्यावर सून म्हणाली, "आई, तुम्हाला नीट शिकवते. क्लच जमलाय तुम्हाला." डेपोमागच्या मोकळ्या जागेत दोन रविवार शिकवणी झाली. ड्रायव्हर लोक चहा घेऊन बघायला उभे राहिले. कंडक्टरबाई तिसऱ्या गिअरपर्यंत पोचल्या आणि उतरल्या.

"नको बाई," त्या म्हणाल्या. "चालवताना नुसती वाट बघावी लागते. मागे असलं की बाकीचं दिसतं."

पुढच्या वर्षी पूल बांधून झाला होता. अक्काही काठी टेकत चालू लागली होती. कंडक्टरबाईंची नोकरी संपली होती, म्हणजे रजेचाही प्रश्न नव्हता. तरी सासू-सून मागच्याच बाजूनं गेल्या, मोटरसायकलवर, पिशवीत एक जुनं हेल्मेट घेऊन. मेंढ्यांपाशी थांबल्या. तळ्यापाशीही थांबल्या, कारण कंडक्टरबाईंना तिथे काहीतरी पाहायचं होतं. देवळात पोचल्या तेव्हा दुपार कलली होती. अक्का पुलावरून येऊन पायरीवर बसलेली होती, पुजारिणीशी बोलत.

"मला वाटलं, गाडीनं येणारी माणसं आधी पोचतात," ती म्हणाली.